तक्रारीत शब्द जसेच्या तसे लिहिण्याविषयी : माझा अनुभव

कार्यालयातील एका वरिष्ठ सहकाऱ्याविरुद्ध मी अंतर्गत समितीकडे केलेली तक्रार निकाली निघाली असली, तरी ती दाखल करून घेण्यात गेलेल्या पहिल्या तीन आठवड्यांची चीड अजून ओसरलेली नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातील कलम 16 गोपनीयता बंधनकारक करते, म्हणून ओळख पटेल असे काहीही येथे लिहीत नाही.

ते गृहस्थ माझ्या वजनावरून आणि छातीवरून बोलत. आणि उशिरापर्यंत काम करून मी एखाद्या सहकाऱ्याच्या गाडीतून घरी गेले, की दुसऱ्या दिवशी 'काल कोणाची पाळी होती?' असे चारचौघांत विचारत. मी हे सारे तारखांसह, त्यांच्याच शब्दांत लिहून दिले. मनुष्यबळ विभागाने अर्ज परत केला. अशी भाषा कार्यालयीन कागदावर शोभत नाही, 'अनुचित शेरेबाजी' एवढेच लिहावे, असे सांगण्यात आले. मी ऐकले, आणि ते ऐकायला नको होते. कारण बदललेला अर्ज समितीच्या अध्यक्षांनी परत केला : अनुचित शेरेबाजीत लैंगिक असे काय आहे, ते यातून दिसत नाही. लिहिले तर अश्लील आणि न लिहिले तर अपुरे, अशा कात्रीत मी सापडले होते. तिसऱ्या वेळी तर 'त्या दिवशी तुम्ही कोणते कपडे घातले होते?' असा प्रश्न आला आणि पाठोपाठ समेट करण्याचा सल्ला. समेटाची मागणी तक्रारदार स्त्रीनेच करायची असते, असे कलम 10 सांगते. मी ती केली नव्हती आणि करणारही नव्हते.

दरम्यान शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची मुदत संपत आली होती. म्हणून तक्रार पहिल्याच दिवशी ईमेलनेही पाठवावी, म्हणजे ती कधी केली याचा वाद उरत नाही. कागदी तक्रारीच्या सहा प्रती लागतात, हेही मला दुसऱ्या फेरीत कळले.

अखेर मी मूळ मजकूर पुन्हा दाखल केला आणि कलम 2 मधील व्याख्येत 'लैंगिक स्वरूपाचे शेरे' स्वतंत्रपणे नमूद आहेत, हे वर लिहिले. शरीरावरचा प्रत्येक टोमणा या कायद्याखाली येत नाही, हे मला मान्य आहे. पण स्त्रीच्या छातीवर आणि चारित्र्यावर केलेले शेरे थट्टा म्हणून सोडून देता येत नाहीत. समितीत स्वयंसेवी संस्थेच्या ज्या बाहेरच्या सदस्य होत्या, त्यांनी अर्ज पूर्ण वाचला आणि हेच शब्द नोंदीत राहतील, असे सांगितले. त्या क्षणी मला रडू आले.

पुढची चौकशी 90 दिवसांच्या आत पूर्ण झाली. साक्षीदार म्हणून दोघी सहकारी आल्या. त्यांना मी आधीच विचारून ठेवले होते, आणि तसे प्रत्येकीने करावे. समितीने लेखी माफी आणि वेतनवाढ रोखण्याची शिफारस केली.

माफीपत्रात 'अनवधानाने झालेली अनुचित शेरेबाजी' असे शब्द होते. मी ते परत पाठवले. दुसऱ्या पत्रात त्यांनी माझ्या शरीराविषयी आणि चारित्र्याविषयी जे बोलले होते, ते स्वतःच्या हाताने लिहून त्याबद्दल माफी मागितली.