‘श्यामची आई’ आणि माझा एक चुकलेला प्रश्न

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात एका संध्याकाळी चित्रपटांवरची प्रश्नमंजूषा होते आणि तिचे प्रश्न काढण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या आत्मविश्वासाने विचारले होते, की ‘श्यामची आई’मधील भूमिकेसाठी उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार कोणाला मिळाला? दोन्ही गटांनी एका सुरात ‘वनमाला’ असे उत्तर दिले, मी दोघांनाही गुण दिले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेले एक आजोबा शांतपणे म्हणाले, “अहो, तेव्हा तो पुरस्कारच नव्हता.”

ते बरोबर होते. आचार्य अत्रे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘श्यामची आई’ला 1953 सालचा सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि हे पदक मिळवणारा तो देशातला पहिला कथापट ठरला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, परंतु हा सन्मान चित्रपटाचा होता. अभिनेता आणि अभिनेत्री यांच्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले ते 1967 सालच्या चित्रपटांपासून, आणि ते पहिल्यांदा उत्तमकुमार आणि नर्गिस यांना मिळाले. म्हणजे ज्या आईला पाहून महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या रडल्या, त्या आईच्या वाट्याला असा पुरस्कार येण्याची सोयच त्या काळी नव्हती.

या चुकीमुळे मी वनमालाबाईंविषयी नव्याने वाचले आणि माझा खरा फायदा तिथे झाला. ग्वाल्हेरच्या पवार घराण्यातल्या या अभिनेत्रीने 1941 साली सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर रुखसानाची भूमिका केली होती. रेशमी वस्त्रांतली ती इराणी सुंदरी आणि कोकणातल्या दरिद्री घरात मुलाला संस्कार देणारी, विटक्या लुगड्यातली आई, या दोघी एकच आहेत हे आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना पटेना. माझ्या मते कलावंताची ओळख करून देणारा प्रश्न असा असावा. नुसते साल आणि नुसते पदक विचारून पाठांतराची परीक्षा होते, एवढेच.

पुढच्या वर्षी मी विचारले, की सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आजवर किती मराठी चित्रपटांना मिळाला? बहुतेकांनी ‘दोन’ म्हटले, काहींनी ‘तीन’. ‘श्यामची आई’नंतर 2003 च्या पुरस्कारांत ‘श्वास’ला सुवर्णकमळ मिळाले आणि ‘पन्नास वर्षांनी’ हे शब्द त्या वेळी इतक्यांदा छापले गेले, की लोकांच्या मनात मोजणी तिथेच थांबली असावी. प्रत्यक्षात 2011 साठी ‘देऊळ’ (तो ‘ब्यारी’ या चित्रपटासोबत विभागून), 2014 साठी ‘कोर्ट’ आणि 2016 साठी ‘कासव’ असे आणखी तीन चित्रपट त्या यादीत आहेत. पहिल्या पदकानंतर अर्धे शतक कोरडे गेले आणि नंतरच्या तेरा-चौदा वर्षांत चार सुवर्णकमळे आली, ही गोष्ट मला त्या पन्नास वर्षांच्या आकड्याहून अधिक विचार करण्याजोगी वाटते.

‘श्वास’मधल्या आजोबांची भूमिका करणारे अरुण नलावडे हे त्या चित्रपटाच्या निर्मात्यांपैकीही एक होते. डोळ्याच्या कर्करोगाने दृष्टी जाणार असलेल्या परशुरामची भूमिका करणाऱ्या अश्विन चितळेला उत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवल्या गेलेल्या या चित्रपटाच्या प्रचारासाठी महाराष्ट्रात लोकवर्गणी जमली होती, हे आठवले की आजही बरे वाटते, जरी नामांकन मिळाले नाही तरी. ऑस्करचा विषय निघाला की मी कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्यावर एक प्रश्न हमखास ठेवतो. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह 1983 साली हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय, हे उत्तर सगळ्यांना येते, पण पुढे ती बाहुली नीट जपली जावी म्हणून त्यांनी स्वतःच अकादमीकडे परत सोपवली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

‘कोर्ट’विषयी मी जरा पक्षपाती आहे, हे मान्य करतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला सुवर्णकमळाच्या आधी व्हेनिसच्या महोत्सवात ‘ओरिझोन्ती’ विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला होता, आणि त्याच महोत्सवात 1937 साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ गौरवला गेला होता. तुकारामांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस हे मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक नट. तर ‘कोर्ट’मधल्या लोकशाहीर नारायण कांबळेंच्या भूमिकेतले वीरा साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक. एक अभंग रचणारा, दुसरा पोवाडे गाणारा. दोघांच्याही शब्दांवर व्यवस्था खटला भरते, एकीकडे रामेश्वरशास्त्री आणि दुसरीकडे सत्र न्यायालय. साथीदार 2021 साली करोनाने गेले.

अभिनयाच्या पुरस्कारांबाबत एकच सांगतो. मराठी चित्रपटातल्या कामासाठी उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार 2008 साठी उपेंद्र लिमये यांना ‘जोगवा’करिता मिळाला, आणि 2012 च्या पुरस्कारांत तर अभिनेता आणि अभिनेत्री या दोन्ही रकान्यांत मराठी चित्रपट होते: ‘अनुमती’साठी विक्रम गोखले, तेही इरफान खान यांच्यासोबत विभागून, आणि ‘धग’साठी उषा जाधव.

आता यंदाचा शेवटचा प्रश्न. 2023 सालच्या चित्रपटांसाठी जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला तो पुन्हा ‘श्यामची आई’च, या वेळी सुजय डहाके यांचा. त्यात साने गुरुजींची भूमिका करणाऱ्या ओम भूतकर यांना स्वतःला लहानपणी कोणत्या चित्रपटासाठी राष्ट्रीय बालकलाकार पुरस्कार मिळाला होता? उत्तर ‘छोटा सिपाही’ असे आहे. या वेळी मी ते दोनदा तपासून घेतले आहे, कारण आजोबा पहिल्या रांगेतच बसतात.