ऋणपुस्तिका

आमच्या पोळ्या करणाऱ्या बाईंचा मुलगा साडेसहा महिने इंदूरच्या जेलमध्ये होता. त्यातले पाच महिने माझ्यामुळे. हे लिहायला हवं.

त्याने मोटरसायकल चोरली होती. खोटा आळ नव्हता. पहिल्याच मुलाकातीत आईला म्हणाला, "आई, मीच नेली गाडी." बाई माझ्या ओट्याशी कणीक मळता मळता रडत होत्या, आणि मी त्यांना सांगत होते, चूक केली तर भोगायला हवं. तेव्हाही मनापासून बोलत होते, आजही माझं मत तेच आहे. ज्याची गाडी गेली त्याचा हप्ता चालूच होता.

पण गुन्हा कबूल आहे का, हे कोर्ट विचारतं आरोप ठरवताना. ती वेळच येईना. तारखेमागून तारखा. दीड महिन्यात जामीन मंजूर झाला, 30,000 रुपयांचा. जमानतदार मात्र मिळेना. इथे लागते जमिनीची ऋणपुस्तिका, म्हणजे जमीन कुणाची आणि तिच्यावर कर्ज किती हे लिहिलेली सरकारी पुस्तिका. कोर्ट त्या पुस्तिकेवर जामिनाची नोंद करतं. भाड्याच्या खोलीत राहणारी बाई ती आणणार कुठून? माझ्या कपाटात होती. सांवेरजवळच्या सासऱ्यांच्या दीड एकराची, कडा मऊ पडलेली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. बाईंनी एकदाच विचारलं, "काकू, तुम्ही राहाल का उभ्या?" मी म्हटलं, बघते. पोरगा पळाला तर, या धास्तीने पाच महिने बघतच राहिले.

न्यू जर्सीतला माझा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, नको पडूस यात. कायदा मोडला की आत जायचंच." त्याच्या न्यू जर्सीनेच 1 जानेवारी 2017 पासून पैशांचा जामीन जवळपास बंद केला आहे. पैसे नाहीत एवढ्यासाठी माणूस खटल्याआधी आत अडकू नये म्हणून. आपल्याकडे 31 डिसेंबर 2022 ला 5,73,000 च्या वर कैदी होते आणि दर 100 मधले 75 हून अधिक कच्चे. म्हणजे निकाल व्हायचा बाकी. आणि जागा? 100 जणांच्या जागेत 131.

चोरीला जास्तीत जास्त 3 वर्षं. फौजदारी खटले चालवण्याच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 479, पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याने एक तृतीयांश मुदत आत काढली की जमानतदाराशिवाय, त्याच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायचं. दुसरे खटले प्रलंबित नसतील तर. इथे ते एक वर्ष झालं असतं. त्याआधी, जामीन मिळून महिनाभरात जमानतदार आला नाही तर अट सैल करायचा विचार कोर्टाने स्वतःहून करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं आहे. त्याच्या बाबतीत कुणी केला नाही. गाडी नेली ती त्याने, ते त्याच्या माथी. हे पाच महिने कोणत्या कलमाखाली त्याच्या माथी घालायचे?

शेवटी गेले. बाबूने पुस्तिका उघडून नोंद केली, मी सही केली. दहा मिनिटंही लागली नाहीत.

आता दर पेशीला तो सकाळी आधी आमच्या दारात येतो. आत येत नाही. "काकू, निघालो," म्हणतो, आणि संध्याकाळी पुढची तारीख लिहिलेली चिठ्ठी दाखवतो. परवाच्या चिठ्ठीवर पुढच्या महिन्याची 17 तारीख होती. आरोप अजून ठरायचे आहेत.