केंदो (जपानी तलवारबाजी) सराव-नोंद: ओजी-वाझा (आलेल्या वाराला उत्तर देणारी तंत्रं) आणि मोतोदाचीचं (समोरून वार देणाऱ्या जोडीदाराचं) काम

मागच्या नोंदीपर्यंत मी एकेरी वारांवरच होते: मेन (डोकं), कोते (मनगट), दो (कूस), त्सुकी (गळ्यावर टोच). आता तोक्योतल्या आमच्या दोजोत (सरावगृहात) बोकुतोच्या, म्हणजे लाकडी तलवारीच्या, नऊ किहोन-वाझा (मूलभूत तंत्रं) पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतोय. नव्यानं येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. अखिल जपान केंदो महासंघानं 2003 मध्ये ही मालिका ठरवून दिली. हातातली शिनाई (बांबूच्या पट्ट्यांची सरावाची तलवार) ही बांबूची काठी नाही, तलवार आहे, ही जाण अंगात मुरावी हा तिचा हेतू. म्हणूनच ती लाकडी बोकुतोनं करतात, चिलखत नसतं आणि वार लक्ष्याच्या जरा अलीकडे थांबवतात.

पहिल्या चार, म्हणजे एकेरी वार, कोते-मेन, हराई-मेन आणि हिकी-दो (मागे सरत मारलेला दो), यांत पुढाकार आपला असतो. त्या बऱ्या बसल्यात. हराईत समोरच्याची तलवार बाजूला सारणं आणि मेन मारणं एकाच दमात होऊ लागलंय. आधी त्या दोन वेगळ्या हालचाली वाटायच्या. डाव्या हातानं जोर, उजव्यानं दिशा, आणि वार पोचतो त्या क्षणी ओला पंचा पिळावा तशी दोन्ही हातांची आतल्या बाजूला पकड. एवढं सांभाळलं की खांदे आपोआप सैल राहतात.

खरी गंमत पाचव्यापासून, इथून ओजी-वाझा सुरू होतात. मेन-नुकी-दोमध्ये समोरून मेन येतो, आपण उजव्या पायानं तिरपं पुढे सरकून वार चुकवतो आणि त्याच्या उजव्या कुशीवर दो मारतो. सहावी कोते-सुरिआगे-मेन. ही माझी सध्याची सगळ्यात आवडती. मनगटावर वार येताना डावा पाय मागे घेत मागे सरायचं आणि आपल्या पात्याची उजवी कड खालून वर घासत नेऊन तो वार वळवायचा. तलवार तेव्हा वरच गेलेली असते, त्यामुळे मेनसाठी ती वेगळी उचलावी लागत नाही. घासण्याची हालचाल म्हणजेच वार उगारणं. बोकुतोला शिनोगी, म्हणजे पात्याच्या बाजूनं लांबवर जाणारा कंगोरा, असते. दोन लाकडं एकमेकांवरून सरकतात ते तळव्यात कळतं. शिनाई गोल असते, तिच्यावर ही जाणीव पुसट होते. सुरिआगे शिकायची तर आधी बोकुतोवरच शिकावी, असं माझं ठाम मत झालंय.

सातवी देबाना-कोते. ही खरं तर पुढाकाराची वाझा, तरी ओजींच्या मधोमध आहे, आणि ते मला पटतं. मोतोदाची वार करायच्या विचारानं टोक किंचित उचलतो, तेवढ्यात छोटा, नेमका कोते. पाचव्या-सहाव्यात आपण आलेल्या वाराला उत्तर देतो. इथे वार जन्मतानाच तो घेतो. नजर दोन्हीकडे तीच लागते. मग आठवी मेन-काएशी-दो (मेन झेलून, मनगटं उलटवून दो) आणि नववी दो-उचिओतोशी-मेन (दोचा वार खाली पाडून मेन).

या टप्प्यावर सगळ्यात जास्त शिकले ते मात्र मोतोदाची म्हणून उभं राहून. वाझा शिकणारा तो काकारिते, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. पण ओजी-वाझा जमणार की नाही हे बरंचसं मोतोदाची ठरवतो. त्यानं इस्सोकु-इत्तो अंतरावरून, म्हणजे एका पावलात वार पोचेल अशा ठिकाणाहून, खरोखर डोक्याच्या दिशेनं मेन मारला पाहिजे. वार आखूड पडला तर चुकवायला काही उरतच नाही, आणि काकारितेला जमल्यासारखं नुसतं वाटतं. समोरचा आता बाजूला जाणार म्हणून आधीच तिकडे वळणारा मोतोदाचीही असाच घात करतो. आमच्या सेन्सेईंसमोर सुरिआगे करताना त्यांचा कोते इतका सरळ येतो की घासायची जागा आपोआप सापडते. तसा वार दुसऱ्याला देता यावा म्हणून मी आता माझे साधे कोते आरशासमोर वेगळे घोटतेय: टोक मध्यरेषेवरून हलू न देता.

दुसरं म्हणजे, ओजी ही वाट बघत बसायची गोष्ट नाही. आपल्या सेमेनं, म्हणजे मध्यरेषा ताब्यात घेऊन पुढे दाबत गेल्यानं, समोरच्याला वार करावासा वाटला पाहिजे. तो आपण बोलावलेला असला की उत्तर वेळेवर निघतं. नुसतं ताटकळत राहिलं की उशीरच होतो.

पुढच्या टप्प्यात याच वाझा चिलखत घालून, शिनाईनं आणि फुमिकोमीसह (पाय जोरात आपटत पुढे झेप). माझी शिनाई 39 मापाची आहे. स्त्रियांसाठी किमान 440 ग्रॅमची अट आहे, त्याहून ती थोडी जड आहे. सरावाआधी चारही पट्ट्यांवरून बोट फिरवून कुसळ उठलंय का ते बघते, नाकायुई (पट्ट्या एकत्र बांधणारी चामड्याची दोरी) सैल झालेली नाही ना तेही बघते. तुटक्या पट्टीची चीर समोरच्याच्या मेनच्या, म्हणजे शिरस्त्राणाच्या, जाळीतून डोळ्यात जाऊ शकते, तेव्हा हे कुणीही टाळू नये. सुरुवात मेन-काएशी-दोपासून करणार आहे, कारण वार झेलणं आणि मनगटं उलटवणं यांच्यात अजून एक थांबा राहतोय. तो काढायला ज्यांनी वेगळा सराव केला असेल, त्यांनी तो जरूर लिहावा.