क्वार्टरबॅकांची क्रमवारी लावताना

ओहायोत राहायचं आणि अमेरिकन फुटबॉलपासून लांब राहायचं हे जमत नाही. आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर बारमाही एकच वाद चालतो : आजवरचा सर्वोत्तम क्वार्टरबॅक कोण? क्लीव्हलंडची मंडळी ऑटो ग्रॅहमचं नाव घेतात, पिट्सबर्गहून आलेला एक ज्येष्ठ सहकारी टेरी ब्रॅडशॉवर अडून बसतो आणि नव्यानं लागलेल्या पोरांना टॉम ब्रेडीच्या आधी हा खेळ होता हेच पटत नाही. माझं काम विम्याच्या आकडेवारीचं, आणि लहानपणापासून उराशी धरलेली कुठली टीम मला नाही. त्यामुळे दहा जणांची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अट एवढीच की यादी कशी लावली ते सगळ्यांसमोर सांगायचं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी : क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात प्रत्येक डावाच्या सुरुवातीला चेंडू येतो तो खेळाडू. तो चेंडू पुढे फेकतो, दुसऱ्याच्या हातात देतो किंवा स्वतः घेऊन पळतो. हे सगळं करायला त्याला दोन-तीन सेकंद मिळतात आणि तेवढ्यात समोरचे धिप्पाड गडी त्याला लोळवायला धावत असतात. फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्यानं झेलला की ते इंटरसेप्शन, आपल्या माणसानं शेवटच्या पट्ट्यात झेलला की टचडाउन.

पहिल्यांदा मी नुसत्या बेरजा मांडल्या. त्यात ब्रेडी इतका पुढे होता की वादच संपावा : २३ हंगाम, ६४९ टचडाउन, पास फेकून कापलेले ८९,२१४ यार्ड. पण या बेरजांना अर्थ किती? १९५०च्या दशकात हंगामात १२ सामने असत. १९६१ साली ते १४ झाले, १९७८ साली १६ आणि २०२१ पासून १७. बाल्टिमोरच्या जॉनी युनायटसनं १९५९ साली ३२ टचडाउन फेकले ते १२ सामन्यांत, आणि तेव्हा तो विक्रम होता. डॅन मरिनोनं १९८४ साली ५,०८४ यार्ड फेकले, त्यानंतर २००८ पर्यंत कुणाला पाच हजारांचा आकडा गाठता आला नाही, आणि मग २०११च्या एकाच हंगामात तिघांनी तो ओलांडला. तिघं एकदम मरिनोएवढे थोर झाले असं कुणी म्हणत असेल तर म्हणो. मला तरी ते नियमांचं काम दिसलं.

नियमांचा इतिहास वाचताना मी चांगलीच रमले. १९७७ पर्यंत बचाव करणारे रिसीव्हरला, म्हणजे पास झेलायला पळणाऱ्याला, मैदानात कुठेही धक्का देऊ शकत. पिट्सबर्गच्या मेल ब्लाउंटनं ही कला अशा थराला नेली की १९७८ साली पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला हात लावायची बंदी आली, आणि लोक आजही त्या नियमाला त्याच्याच नावानं ओळखतात. त्याच वर्षी क्वार्टरबॅकसमोर भिंत करून उभ्या राहणाऱ्या खेळाडूंना हात पसरून, पंजे उघडून अडवायची मोकळीक मिळाली. २००४ साली धक्क्यांचा नियम कडकपणे लावायचा ठरला, आणि त्याच हंगामात पेटन मॅनिंगनं ४९ टचडाउन फेकून मरिनोचा ४८चा विक्रम मोडला. १९९४ पासून तर क्वार्टरबॅकच्या हेल्मेटात रेडिओ असतो आणि कोच बाहेरून कानात सांगतो. युनायटस आपले डाव स्वतः ठरवायचा.

मग टेबलावर हमखास निघतं ते पासर रेटिंग, म्हणजे फेकींच्या आकड्यांवरून क्वार्टरबॅकला गुण देणारं सूत्र. बहुतेकांना वाटतं की हे निःपक्षपाती माप आहे. प्रत्यक्षात ते १९७३ साली आलं, १९६०च्या दशकातल्या आकड्यांवर बेतलं गेलं आणि सर्वसाधारण खेळाडूला ६६.७ मिळावेत अशा बेतानं बांधलं गेलं. आज सगळ्या लीगची सरासरीच नव्वदीच्या आसपास असते. युनायटसचं कारकिर्दीचं रेटिंग ७८.२. या हिशेबानं तो आजच्या बऱ्याच बदली खेळाडूंच्या मागे पडतो, म्हणजे हिशेबच चुकीच्या ठिकाणी वापरला जातोय. गंमत अशी की सूत्राच्या चारही भागांना वरची मर्यादा आहे. टचडाउनच्या भागात शंभर फेकींमागे जवळजवळ १२ झाले की पुढचं मोजलंच जात नाही. शिकागोच्या सिड लकमननं १९४३ साली २०२ फेकींत २८ टचडाउन केले. ते त्या सूत्रात मावतच नाहीत.

तेव्हा मी माझी पद्धत ठरवली. प्रत्येकाला त्याच्याच वर्षाच्या सरासरीशी ताडायचं : त्या हंगामात बाकीचे कुठे होते, हा त्यांच्या किती पुढे होता, आणि असं किती वर्षं टिकलं. वॉशिंग्टनच्या सॅमी बॉनं १९४५ साली ७०.३ टक्के फेकी अचूक केल्या. आज सत्तरी गाठणारे अधूनमधून दिसतात. पण तेव्हा लीगची सरासरी पन्नाशीच्याही खाली होती, आणि बॉचा तो विक्रम १९८२ पर्यंत कुणाला हलवता आला नाही. शिवाय हा गृहस्थ बचावातही खेळायचा आणि चेंडू लाथेनं लांबही मारायचा. १९४३ साली पासिंग, पंटिंग आणि बचावातली इंटरसेप्शन्स या तिन्हींत लीगमध्ये पहिला.

हे टेबलावर सांगितलं तेव्हा क्लीव्हलंडवाल्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. माझ्या मुलाचं मात्र नाही. तो घरी म्हणाला, "आई, पण ते खेळत होते कुणाविरुद्ध?"

प्रश्न रास्त होता. लकमन आणि बॉ दोघांचे डोळे दिपवणारे आकडे १९४३चे आहेत, आणि १९४३ साली कितीतरी खेळाडू सैन्यात होते. माणसं पुरेनात म्हणून पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फियाच्या टीमा त्या हंगामापुरत्या एकत्र झाल्या, क्लीव्हलंडच्या रॅम्स या टीमनं तर हंगामच सोडून दिला. दुसरं, १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लिहिलेला नियम कुठे नाही, पण मालकांनी घेतलं नाही. बॉच्याच वॉशिंग्टननं १९६२ पर्यंत घेतलं नाही. सगळ्यांच्या पुढे आहे म्हणताना 'सगळ्यांत' कोण कोण धरलेत हे विचारायला हवं. आकडेशास्त्राची आणखी एक बाब आहे. खेळ जसा मुरतो तसे चांगले आणि सुमार खेळाडू यांच्यातलं अंतर कमी होत जातं, त्यामुळे जुन्या काळात पहिला माणूस सरासरीच्या जितका वर दिसतो तितकं वर आज कुणालाच जाता येत नाही. मी सरासरीपासूनच्या अंतराला त्या वर्षीच्या विखुरणीनं, म्हणजे खेळाडूंचे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापानं, भागलं आणि १९४३चं वजन निम्मं केलं. निम्मंच का? तर त्याहून बरं कारण असलेला आकडा मला सापडला नाही. असल्या कामात कुठेतरी हात टेकावे लागतात, ते लपवू नये एवढंच.

ग्रॅहमबद्दलही हाच संशय घेतला जातो. त्याचे पहिले चार हंगाम एनएफएलमधले नव्हेत, तिच्याशी स्पर्धा करायला १९४६ साली निघालेल्या दुसऱ्या लीगमधले. तिथे क्लीव्हलंडनं चारही वर्षं विजेतेपद मिळवलं. लोक म्हणायचे, कच्च्या लीगचे राजे. १९४९च्या अखेरीस ती लीग मोडली, १९५० साली क्लीव्हलंड एनएफएलमध्ये आलं आणि त्यांचा पहिलाच सामना ठेवला गेला तो आधीच्या वर्षीच्या विजेत्या फिलाडेल्फियाशी, त्यांच्याच गावात. क्लीव्हलंडनं तो ३५-१० असा जिंकला. त्या हंगामाचं विजेतेपदही घेतलं. ग्रॅहम दहा वर्षं खेळला आणि दहाही वर्षं अंतिम सामन्यात होता, त्यातले सात जिंकला. त्याच्या टीमनं मॅरियन मॉटली आणि बिल विलिस या कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४६ सालीच घेतलं होतं, तेव्हा कच्चा माल नेमका कुणाकडे होता हा प्रश्न उलटाही विचारता येतो.

विजेतेपदं मोजावीत का, यावर पिट्सबर्गवाल्याशी माझं चांगलंच वाजलं. ब्रॅडशॉनं चार सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने, जिंकले हे खरं. पण त्याचे टचडाउन २१२ आणि इंटरसेप्शन्स २१०, आणि त्याच्या पाठीशी त्या दशकातला सर्वांत भेदक बचाव होता. मरिनोला एकच सुपर बोल खेळायला मिळाला, आणि क्वार्टरबॅक जो मोंटानाच्या सॅन फ्रान्सिस्कोनं तो ३८-१६ असा नेला. अकरा-अकरा माणसं आळीपाळीनं मैदानात उतरतात त्या खेळात एकाच्याच खात्यावर विजय लिहायचा, हे माझ्या विम्याच्या डोक्याला पटत नाही. मोठ्या सामन्यातला खेळ मात्र मी मोजला. चार सुपर बोलमध्ये मोंटानानं १२२ फेकी केल्या आणि त्यांत एकही इंटरसेप्शन नाही. ते त्याचं स्वतःचं आहे.

मधे आम्ही मायलेक कँटनला जाऊन आलो. १९२० साली लीगची स्थापना याच गावात झाली, म्हणून फुटबॉलचं हॉल ऑफ फेम इथे आहे. तिथून परतल्यावर १९५८च्या अंतिम सामन्याची मिळतील ती चित्रणं बघितली. बाल्टिमोर तीन गुणांनी मागे, घड्याळ संपत आलेलं, आणि युनायटस रेमंड बेरीला एकामागून एक पास देत मैदान कापतो. शेवटची सात सेकंद असताना बरोबरी, मग जादा वेळेत २३-१७. मुलगा गप्प बसून बघत होता. नंतर म्हणाला, "याला आजचे नियम दिले असते तर?" मी म्हटलं, असं विचारायचं ठरवलं तर ब्रेडीला १९५८चे नियमही द्यावे लागतील, आणि ४५ वर्षांपर्यंत तो धडधाकट राहिला असता का तेही बघावं लागेल.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो न खेळलेल्या वर्षांवर. हे माझ्या डोक्यात घातलं ते आमच्या आजोबांनी, दादरच्या घरात. विजय मर्चंटांचे कसोटी सामने अवघे दहा म्हणून कुणी त्यांना कमी लेखलं की ते चिडायचे. महायुद्धात भारताला कसोटीच मिळाली नाही, त्यात त्या माणसाचा काय दोष? प्रथम श्रेणीत ७१.६४ची सरासरी आहे, ब्रॅडमनच्या खालोखाल, ती बघा म्हणायचे. रॉजर स्टॉबाकचं तसंच झालं. १९६३ साली कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान मिळवून तो नौदलात गेला, व्हिएतनामला जाऊन आला आणि एनएफएलमध्ये पोचला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. वॉरन मूनचं त्याहून वाईट. १९७८च्या रोझ बोलचा, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या एका मानाच्या सामन्याचा, तो सर्वोत्तम खेळाडू, तरी एनएफएलच्या एकाही टीमनं त्याला निवडलं नाही. त्या काळी कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला दुसऱ्या जागेवर खेळ म्हणून सांगायचे. तो ऐकला नाही, कॅनडात गेला, एडमंटनला लागोपाठ पाच वेळा विजेतेपद मिळवून दिलं आणि १९८४ साली परत आला. त्यानंतरही एनएफएलमध्ये ४९,३२५ यार्ड फेकले. माझ्या सूत्रात त्याची पहिली सहा वर्षं शून्य येत होती. स्टॉबाक आणि मून दोघांना मी गेलेल्या वर्षांचं अर्धं श्रेय दिलं. यावरून सर्वांत जास्त आरडाओरडा झाला, आणि सूत्रात मी सर्वांत ठामपणे धरून ठेवलेली गोष्टही हीच आहे.

निवृत्त खेळाडूंपुरती यादी अशी लागली : ब्रेडी, ग्रॅहम, मॅनिंग, युनायटस, मोंटाना, बॉ, स्टीव्ह यंग, मरिनो, स्टॉबाक, मून. ब्रेडी पहिला आला तो बेरजांमुळे नव्हे, सरासरीच्या वर इतकी वर्षं दुसरं कुणीच राहिलं नाही म्हणून. ड्र्यू ब्रीस थोडक्यात हुकला. युनायटसची सलग ४७ सामन्यांत टचडाउन फेकण्याची मालिका बावन्न वर्षांनी मोडणारा तोच, पण त्याचे बहुतेक घरचे सामने छपराखाली, वाऱ्यापावसाविना, आणि पास फेकणाऱ्यांच्या सुगीच्या काळात झाले. ब्रॅडशॉ पहिल्या पंधरातही नाही.

पिट्सबर्गवाल्यानं सूत्राची फाइल मागून घेतलीय आणि तो त्यात सुपर बोलचा रकाना घालून बघतोय. मुलाची तक्रार आहे की अजून खेळणारा पॅट्रिक माहोम्स यादीत नाही. त्याला मी सांगितलंय की माहोम्स निवृत्त झाला की फाइल उघडू, तोवर सरासरी कुठे जाईल कोण जाणे.