पाण्याच्या बोअरपासून खाणीच्या पोकळीपर्यंत: आमची वाटचाल

आम्ही चंद्रपूरचे. धंदा मुळात बोअरवेलचा. बाबांनी एक जुनी गाडी घेऊन सुरू केला आणि कॉलेज संपल्यावर मीही रॉड जोडायला जाऊ लागलो. उन्हाळ्यात जेवायला फुरसत नसे, पावसाळ्यात गाडीवर ताडपत्री.

घुग्घुसच्या बाजूला एका घराचा बोअर मारत होतो. बावीस मीटरवर रॉड एकाएकी सुटला आणि सात-आठ फूट सरळ खाली गेला. बोअरच्या तोंडातून उडणारी भुकटी बंद झाली. कंप्रेसर चालू, पण हवा वर येईना. बाबांना वाटलं, रॉड तुटला. शेजारी राहणारे एक निवृत्त ओव्हरमन (खाणीतल्या कामावर देखरेख करणारे) काका गोळा झालेल्या माणसांतून पुढे आले आणि म्हणाले, "काही तुटलं नाही, पोरा. तू गॅलरीत उतरलास." प्लॉटखालच्या बंद खाणींच्या पोकळ्या शोधून भरायच्या, या आमच्या आजच्या कामाची सुरुवात तिथून झाली.

काकांनी मला खाण शिकवली. आपल्याकडच्या जुन्या भूमिगत खाणी बहुतेक बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या. कोळशाचे खांब सोडायचे आणि मधून गॅलऱ्या, म्हणजे बोगदे, काढायच्या. नियमाने गॅलरीची रुंदी ४.८ मीटर आणि उंची ३ मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. खाण बंद झाली तरी गॅलरी तशीच राहते. वर्षानुवर्षं छताचा एकेक थर सुटून पडतो आणि पोकळी वर वर सरकते. पडलेला दगड सैल होऊन जास्त जागा घेतो, त्यामुळे वरचं आवरण जाड असेल तर पोकळी आपोआप बुजते. आवरण पातळ असेल तर ती जमिनीपर्यंत पोचते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेलं. घरातली माणसं वेळेत बाहेर पडली. तोवर आम्ही भूगर्भ तपासायला सांगितलं की लोक म्हणत, "कशाला उगाच खर्च?" त्यानंतर फोन यायला लागले.

पहिलं मोठं काम मात्र आमच्या अंगाशी आलं. प्लॉटखाली गॅलरी सापडली होती. राख-सिमेंटचा घोळ पंपाने सोडत होतो. तीन दिवस झाले, पोती संपत आली, पण पातळी हलेना. कोळशाचा थर उताराला होता आणि आमचा माल शेजारच्या पडीक रानाखाली वाहून जात होता. मालकाकडून जादा पैसे मागण्याचं तोंड नव्हतं. तो खर्च आम्हीच सोसला, गाडीचे हप्ते थकले. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत.

आता आधी प्लॉटच्या कडेने, उताराच्या बाजूला, बारीक खडी मिसळलेला घट्ट माल सोडून बांध घालतो. तो आवळला की आतलं भरण खालच्या बाजूने चढत न्यायचं. पाइप तळाशी ठेवायचा आणि चढावरचे बोअर उघडे ठेवायचे, म्हणजे अडकलेली हवा आणि पाणी निघून जातं. शेवटी हलक्या दाबाने छताखालची फट भरायची. दाब वाढवला तर जमीनच उचलते. दहा-बारा भाग राख आणि एक भाग सिमेंट एवढं पुरतं. लोक विचारतात, इतक्या कमी सिमेंटवर इमारत कशी पेलणार? भरावावर इमारत उभी करायचीच नसते. छताला पडायला जागा राहू नये, एवढ्यासाठी तो असतो. राखेची तर आपल्याकडे ददात नाही, औष्णिक वीज केंद्र उशाशी आहे.

नकाशाबद्दल मी जरा हट्टी आहे. खाण सोडताना तिचा नकाशा डीजीएमएसकडे (खाण सुरक्षा महासंचालनालय) द्यावा लागतो, पण १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाआधीच्या खासगी खाणींचे नकाशे फुटांत आणि कुठल्याशा विहिरीपासून मोजलेले. ती विहीर आज बुजलेली. वरोऱ्याची खाण तर १९०६ सालीच बंद पडली. एकदा नकाशात गॅलरी दाखवलेल्या जागी बोअर मारला तर अखंड कोळसा लागला. खाली ठीक आहे म्हणून गाडी हलवणार होतो, पण काका म्हणाले, "अजून चार मीटर सरकून पाह." तिथे पोकळी निघाली. तेव्हापासून एका बोअरवर आम्ही कुणालाच 'बांधा' म्हणत नाही.

बोअरच्या तोंडाशी प्लास्टिकची पट्टी बांधून ठेवायची सवयही काकांचीच. पाऊस येणार असला, बाहेरच्या हवेचा दाब उतरला की पट्टी बाहेर फडफडते आणि दाब चढला की आत ओढली जाते. ती बाहेर फडफडली की समजायचं, खालची कोंडलेली हवा वर येते आहे. तिच्यात प्राणवायू कमी असतो, कधी मिथेन असतो. म्हणून वायुमापक लावल्याशिवाय आमचा माणूस बोअरवर वाकत नाही, आणि बिडी पेटवणाऱ्याला त्या दिवशी कामावर ठेवत नाही.

आमचं काम मालकाला दिसत नाही. घर रंगवलं तर रंग दिसतो, इथे लाखोंचा माल जमिनीत जातो. म्हणून प्रत्येक बोअरचं एक पान ठेवतो: खोली, पोकळी, किती पोती गेली, माल कधी वर आला. रोज संध्याकाळी मालकाची सही घेतो. भरण झाल्यावर मधल्या जागी तपासणीचे बोअर मारतो आणि त्यातून निघालेली घट्ट झालेल्या मालाची कांडी त्यांच्याच हातात देतो.

सध्या एका शिक्षक दाम्पत्याच्या प्लॉटवर आहोत. कडेचा बांध झाला, आतल्या सोळापैकी नऊ बोअर भरले. बाई रोज शाळेतून येताना थांबतात आणि वहीतलं त्या दिवसाचं पान वाचून मगच सही करतात.