१२८ वर अडकलेली रांग

आज दिवसभर एकाच आकड्यामागे होतो. सर्व्हरचा सीपीयू निवांत, मेमरी मोकळी, तरी गर्दी वाढली की नवीन कनेक्शन्स लटकायची. शेवटी कनेक्शन्स दाखवणाऱ्या एसएस (ss) कमांडने लिसनिंग सॉकेट, म्हणजे नवीन कनेक्शन्स जिथे येतात ते टोक, पाहिलं: तिथे वाट पाहणाऱ्या कनेक्शन्सच्या रांगेची मर्यादा १२८! अ‍ॅप्लिकेशनच्या कॉन्फिगमध्ये तर १०२४ लिहिलेलं. पण सोमॅक्सकॉन (somaxconn) ही लिनक्समधली या रांगेची कमाल मर्यादा; तिच्यापेक्षा मोठा आकडा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, गुपचूप कापतं, एरर देत नाही. लिनक्स ५.४ पासून सोमॅक्सकॉनचा डीफॉल्ट ४०९६ आहे; आमचं कर्नल त्याआधीचं, म्हणून १२८.

सेटिंग्जच्या फाइलमध्ये सोमॅक्सकॉनची व्हॅल्यू वाढवून लागू केली, तरी फरक शून्य. चालू सॉकेट जुनीच मर्यादा धरून बसतं, सर्व्हिस रीस्टार्ट करावीच लागते. केली, आणि रांग हलली. किती बरं वाटलं!

त्याच फाइलमध्ये कारण न लिहिता बदललेले आणखी बरेच आकडे आहेत. उद्या एकेक तपासणार.