बोजा कशावर चढवायचा

मुलीच्या वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून सात-बाराचा उतारा काढून माझ्या टेबलावर ठेवला. शेजारी बसलेल्या त्या मुलीनं तो उचलला, घडी घातली आणि परत पिशवीत टाकला.

"शेतावर बोजा चढवायचा नाही, मॅडम," ती म्हणाली. "तारण म्हणून मी हे आणलंय." आणि तिनं चित्रांची एक जाडजूड वही माझ्याकडं सरकवली.

कोल्हापुरातल्या एका बँकेच्या शाखेत मी कर्ज विभाग बघते. तेवीस वर्षं झाली. या टेबलावर तारण म्हणून घरं आली, प्लॉट आले, सोनं आलं, म्हशी आल्या, एकदा तर चालू हंगामातलं गुऱ्हाळ आलं. चित्रांची वही कधी आली नव्हती.

वहीत सात पात्रं होती. पहिल्या पानावर लाल मातीत उभी असलेली पैलवान मुलगी. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की तिला आधी कळतं, असं खाली लिहिलेलं. २०१९ चा महापूर आम्ही सगळ्यांनीच पाहिलेला, त्यामुळं ते पान मी जरा जास्त वेळ बघत राहिले. शेवटच्या पानावर चपला शिवणारी एक आजी होती. तिच्या चपलेची करकर ऐकली की खोटं बोलणाऱ्याची बोबडी वळते. आजीच्या बोटांवर आरीनं पडलेले बारीक व्रणसुद्धा मुलीनं काढले होते. मुलीला बावीस लाख हवे होते. तीन चांगले कॉम्प्युटर, ग्राफिक टॅब्लेट, दोन साथीदारांचा वर्षाचा पगार आणि त्यातून अकरा मिनिटांचा ॲनिमेशनपट.

"दीड एकर हाय मॅडम, ऊस लागतोय," वडील मध्येच म्हणाले. "पोरीचं काम झालं पायजे बघा."

"आबा, नको म्हटलं ना."

दुसरं कोणी असतं तर मी वही परत दिली असती. पण काही वर्षांपूर्वी पुण्याला ट्रेनिंगला गेले असताना तारण या विषयाच्या तासाला आम्हाला मार्व्हल स्टुडिओजची केस शिकवली होती. वर्गातल्या तरुण अधिकाऱ्यांनी त्यांचे सगळे सिनेमे पाहिलेले. पण ते सिनेमे ज्या कर्जावर उभे राहिले, त्याबद्दल कोणालाच माहिती नव्हती. मला मात्र तेव्हापासून त्या कर्जाचं वेड लागलं.

मार्व्हल ही मुळात अमेरिकेतली कॉमिक्स कंपनी. तिनं २७ डिसेंबर १९९६ ला दिवाळखोरीचा अर्ज केला होता. कॉमिक्सचा बाजार बसलेला, डोक्यावर कर्ज, वर मालकीवरून बड्या गुंतवणूकदारांची भांडणं. शेवटी १९९८ मध्ये टॉय बिझ या खेळण्यांच्या कंपनीत ती विलीन झाली आणि वाचली. पण त्या दशकात एकेका पात्राचे चित्रपट-हक्क हातातून गेले होते. एक्स-मेन फॉक्सकडं, स्पायडर-मॅन सोनीकडं, हल्क युनिव्हर्सलकडं. मार्व्हलच्याच पात्रावरच्या १९९८ च्या 'ब्लेड' सिनेमानं जगभर १३ कोटी डॉलर मिळवले. त्यातले मार्व्हलच्या वाट्याला २५ हजार डॉलर आले, असं सांगतात. २००२ चा 'स्पायडर-मॅन' ८२ कोटींवर गेला, आणि त्यातही मोठा वाटा सोनीचाच. शेत आपलं, ऊस आपला, आणि गाळप करून पैसे दुसऱ्याच्या खात्यावर, असा तो प्रकार.

मग डेव्हिड मेझल नावाच्या गृहस्थांनी मार्व्हलचे सगळ्यात मोठे भागधारक आयझॅक पर्लमटर यांच्यापुढं हिशेब मांडला की हक्क विकून रॉयल्टी खाण्यापेक्षा सिनेमे आपणच काढू. पर्लमटर चिकाटीचे आणि हात आखडून खर्च करणारे. घरचा पैसा घालायला तयार नव्हते. म्हणून २००५ मध्ये मेरिल लिंच या अमेरिकन गुंतवणूक बँकेकडून ५२.५ कोटी डॉलरची सोय झाली. त्याला तारण होते दहा पात्रांचे चित्रपट-हक्क. कॅप्टन अमेरिका, ब्लॅक पँथर, अँट-मॅन, डॉक्टर स्ट्रेंज, हॉकआय, शांग-ची अशी ती यादी. आज ही नावं शाळेतल्या पोरांच्या दप्तरावर असतात, तेव्हा यातली बहुतेक कॉमिक्स वाचणाऱ्यांपलीकडं कोणाला ठाऊक नव्हती. सिनेमे पडले असते तर त्या पात्रांचे सिनेमे काढायचा हक्क कर्ज देणाऱ्यांकडं गेला असता. कॉमिक्स आणि खेळण्यांचा धंदा मात्र सुरक्षित राहिला असता. बँकवालीच्या नजरेनं मला हेच सगळ्यात सुंदर वाटतं. एक पट्टी गहाण पडली, पण घर, गोठा आणि बाकीचं रान मोकळं ठेवलं. शिवाय कर्जावर विमा कंपनीची हमी होती, म्हणजे देणाराही उघड्यावर नव्हता.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. तिला बरंच माहीत होतं, म्हणून तर ती वही घेऊन आली होती.

मी मॅनेजर साहेबांकडं गेले. थकलेल्या कर्जाचं तारण बँकांना ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्यात मालमत्तेच्या व्याख्येत कॉपीराइटसुद्धा येतो, हे मी त्यांना पान काढून दाखवलं. त्यांनी वही शांतपणे चाळली. "कायदा मान्य आहे," ते म्हणाले, "पण आपल्या पॅनेलवर जमिनीचा व्हॅल्युअर आहे, सोन्याला सराफ आहे. या आजीची किंमत कोण करून देणार? आणि हप्ते थकले तर लिलावात हिला कोण घेणार?" प्रश्न रास्त होता. मेरिल लिंचच्या टेबलावरही तो आलाच असणार. तिथं उत्तर द्यायला आधीच्या सिनेमांच्या कमाईचे आकडे होते, आमच्याकडं नव्हते. तरी ते म्हणाले, "कागद तर बघा. मालकी तिची आहे का, ते आधी ठरू दे."

मालकी. जमीन असली तर आम्ही तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागतो. इथं एकच कागद होता. तीन वर्षांपूर्वी मोबाइलवर कॉमिक्स दाखवणाऱ्या एका कंपनीशी तिनं करार केला होता. चौदा पानं, इंग्रजीत. तिला पस्तीस हजार मिळाले होते आणि त्या वयात ते खूप वाटले होते. दुपारी डबा बाजूला ठेवून मी एकेक कलम वाचत गेले. नवव्या पानावर आलं ते. परिशिष्टातल्या पात्रांचे सर्व दृकश्राव्य हक्क, सर्व भाषांत, जगभर, कायमस्वरूपी, कंपनीकडं.

मी तिला बोलावून ते वाक्य बोटानं दाखवलं. तिनं दोनदा वाचलं. "मला वाटलं, फक्त ॲपवर दाखवायला दिलंय," ती म्हणाली. मग काहीच बोलली नाही. वडील आळीपाळीनं आम्हा दोघींकडं बघत होते आणि त्यांचा हात पुन्हा पिशवीकडं गेला होता.

अशा वेळी धीर द्यायला शब्द सुचत नाहीत, म्हणून मी परिशिष्ट उघडलं. त्यात चार नावं होती. वहीत पात्रं सात. पैलवान मुलगी गेलेली, पण आजी त्या यादीत नव्हती. ती नंतर काढलेली होती. मेझलनीही सुरुवात इथूनच केली होती. जे विकलं गेलं त्यावर रडत न बसता आपल्याकडं उरलंय काय, ते बघितलं. आणि जे गेलं तेही सगळं कायमचं गेलं नव्हतं. आयर्न मॅन त्या दहा जणांच्या यादीत नव्हताच. त्याचे हक्क न्यू लाइन सिनेमाकडं होते, त्यांनी वर्षानुवर्षं सिनेमा काढला नाही आणि २००५ मध्ये ते मार्व्हलकडं परत आले. २ मे २००८ ला मार्व्हलचा स्वतःचा पहिला सिनेमा झळकला तो त्याचाच. जगभरात ५८ कोटी डॉलर. पुढच्याच वर्षी डिस्नेनं सुमारे ४०० कोटी डॉलरला अख्खं मार्व्हल घेतलं.

"सिनेमा काढला नाही म्हणून परत आले," ही ओळ बोलता बोलता मीच थांबले. आपल्याकडं असं काही आहे का?

चार वाजता आमच्या पॅनेलवरच्या वकिलांना फोन लावला. त्यांनी करार व्हॉट्सॲपवर मागवून घेतला आणि अर्ध्या तासात उलट फोन केला. कॉपीराइट कायद्याचं कलम १९, पोटकलम ४. हक्क घेणाऱ्यानं एका वर्षाच्या आत ते वापरले नाहीत, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर ते हक्क संपुष्टात आले असं धरलं जातं. मुदतच लिहिलेली नसती तर पाच वर्षंच धरली असती, तेही त्यांनी सांगितलं. पण इथं 'कायमस्वरूपी' लिहून ठेवलं होतं. "वापर न केल्यास काय, याबद्दल करार गप्प आहे," वकील म्हणाले. "कंपनी भांडेल. पण मुद्दा लढण्यासारखा आहे. नोटीस काढू."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. मुलगी वहीच्या पहिल्या पानावर हात ठेवून ऐकत होती.

कर्ज बावीस लाखांचं झालं नाही. मशिनरीपुरतं साडेनऊ लाखांचं झालं, सूक्ष्म उद्योगांसाठीच्या सरकारी हमी योजनेखाली, म्हणजे सात-बारा न घेता. मंजुरीपत्रातल्या तारणाच्या रकान्यात तीन कॉम्प्युटर आणि एक टॅब्लेट आले. आजीला त्या रकान्यात बसवणं मला जमलं नाही. आमच्याकडं त्यासाठी माणूस नाही, पद्धत नाही, याची मला आजही चुटपुट आहे. कोल्हापूर म्हणजे १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी जिथं उभी राहिली ते गाव. तिथंही कलाकारांच्या जोडीला भांडवल घालणारे सीताराम कुलकर्णी होतेच. चित्र काढणाऱ्याच्या शेजारी हिशेब जाणणारा बसला पाहिजे, असं मला फार वाटतं.

निघताना वडिलांनी सात-बारा परत एकदा तपासला, पिशवीला गाठ मारली आणि खिशात ठेवली.

नोटिशीला कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान मुलगी तिसरा हप्ता भरायला आली तेव्हा तिनं दोन कागद दाखवले. एक आजीच्या चित्रांच्या कॉपीराइट नोंदणीच्या अर्जाची पोच. दुसरा एका नव्या संस्थेनं पाठवलेला कराराचा मसुदा. "सही करायच्या आधी तुमच्याबरोबर बसून वाचायचाय," ती म्हणाली. मी चष्मा लावला. चौथ्या पानावर 'कायमस्वरूपी' होतंच. तिनं ते आधीच पेन्सिलनं खोडून शेजारी 'तीन वर्षं' असं लिहून आणलं होतं.